नटी आणि लेखिका : अठराव्या शतकातील इंग्रजी रंगभूमी

अठराव्या शतकातील इंग्रजी नाटक म्हटले की मराठी अभ्यासकाला गोल्डस्मिथ आणि शेरिडन आठवतात. देवलांच्या 'संशयकल्लोळ'मुळे आर्थर मर्फीही परिचयाचा आहे. त्याच रंगभूमीवर गाजलेल्या सुझाना सेंटलिव्हर, हॅना काउली, एलिझाबेथ इंचबॉल्ड यांची नावे मात्र आपल्या चर्चेत क्वचितच येतात. त्यांच्या नाटकांचे वाङ्मयीन मूल्य बेताचे, असे याचे कारण सांगितले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. नाटकाचा इतिहास आपण केवळ संहितेचा इतिहास म्हणून लिहितो, हे खरे कारण आहे.

सेंटलिव्हरचे उदाहरण बोलके आहे. १० जून १७७६ रोजी डेव्हिड गॅरिकने रंगभूमीचा निरोप घेतला तो तिच्या 'द वंडर' (१७१४) या नाटकातील डॉन फेलिक्सच्या भूमिकेत. तिच्या मृत्यूला तेव्हा पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. प्रयोगात ती जिवंत होती. इतिहासाने मात्र तो प्रसंग गॅरिकचा म्हणून तेवढा नोंदवला.

त्या काळी नाटक लिहिणे पुरेसे नव्हते, नाट्यगृहाचे दार उघडावे लागे. १७३७च्या कायद्याने नाटकांवर पूर्वपरीक्षण आले आणि लंडनमधील नाट्यव्यवहार मुख्यतः ड्रुरी लेन व कोव्हेंट गार्डन या दोन सनदी नाट्यगृहांच्या हाती एकवटला. लेखकाची प्राप्ती प्रामुख्याने तिसऱ्या प्रयोगाच्या उत्पन्नावर अवलंबून असे. म्हणजे तोवर नाटक टिकले पाहिजे. अशा व्यवस्थेत फॅनी बर्नीसारख्या नामवंत कादंबरीलेखिकेची 'द विटलिंग्ज' (१७७९) ही सुखात्मिका वडिलांच्या सल्ल्यावरून तिच्या हयातीत रंगमंचावर आलीच नाही. काउली नटी नसूनही यशस्वी झाली, हा आक्षेप येथे घेता येईल. परंतु तिचे पहिले नाटक 'द रनअवे' (१७७६) रंगमंचावर आले ते गॅरिकच्या पाठबळाने, हे विसरता येत नाही.

ज्या स्त्रिया स्वतः नटी होत्या, त्यांची गोष्ट वेगळी. किटी क्लाइव्हने १७४४ मध्ये पत्रक छापून व्यवस्थापकांविरुद्ध आपल्या वेतनाची बाजू लोकांपुढे मांडली. १७५० मध्ये तिने स्वतःच्या बेनिफिटसाठी प्रहसन लिहिले, त्यात एका हास्यास्पद नाटककर्तीची भूमिका केली, आणि ती नाटककर्ती तालमीला न आलेल्या 'मिसेस क्लाइव्ह'वर चिडते असेही दाखवले. स्त्रीलेखिकेविषयीचा उपहास स्वतःच्याच अंगावर घेऊन प्रेक्षकांपुढे ठेवण्याचे हे धैर्य तालमीच्या अनुभवातून आलेले आहे. इंचबॉल्डही अभिनयाकडून लेखनाकडे वळली. 'अ मोगल टेल' (१७८४) या आपल्या प्रहसनात तिने भूमिकाही केली. पुढे 'द ब्रिटिश थिएटर' या १२५ नाटकांच्या मालेला तिने प्रस्तावना लिहिल्या, तेव्हा धाकट्या कोलमनने जाहीर पत्रातून नाराजी व्यक्त केली. नटी नाटक लिहिते, हे एक वेळ चालत होते. ती नाटकाची पारख करते, हे खुपत होते.

अभिनयाने या स्त्रियांना प्रतिष्ठा दिली, असा भाबडा निष्कर्ष मला काढायचा नाही. नटीच्या चारित्र्याची चर्चा हाही त्या नाट्यव्यवहाराचाच भाग होता. पण अभिनयाने त्यांना नाट्यगृहाचे ज्ञान दिले आणि त्या ज्ञानातून लेखनाचा अधिकार आला. म्हणूनच या लेखिकांना 'स्त्रियांचे योगदान' अशा एखाद्या परिशिष्टात बसवून भागणार नाही. वेतन, तालीम, बेनिफिट, सनद यांना नाट्येतिहासात स्थान दिले, तर त्या मुख्य प्रकरणातच भेटतील.