कामगाराच्या कानाजवळ माप कोण लावणार?

इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमाग शेडमध्ये हातभर अंतरावरच्या माणसाशीही ओरडूनच बोलावे लागते. एवढ्या अंतरावर आवाज चढवावा लागला की गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला असे समजावे, हा कामगार-आरोग्य शास्त्रातला साधा ठोकताळा आहे. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये तो बहुधा ९५ च्याही पुढे असतो. कामगार म्हणतो, "सवय झाली." आमच्या बांधवांनो, ही सवय नव्हे, कान मरत चालल्याची खूण आहे. आतल्या कानातल्या केसांसारख्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. आधी ४,००० हर्ट्झच्या आसपासचे उंच स्वर जातात. मग माणसाला बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाही. आणि घरचे म्हणतात, म्हातारा लक्षच देत नाही.

हा आवाज मोजता येत नाही काय? शंभर वर्षांपासून येतो. १९१६ साली अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला. त्यातला धातूचा पातळ पडदा हवेच्या दाबाने हलतो, त्याचे आणि मागच्या पट्टीचे अंतर बदलते आणि त्या बदलाचा विजेचा संकेत होतो. हा झाला ध्वनिदाब मोजणारा सेन्सर. दुसरा सेन्सर यंत्राच्या अंगालाच चिकटवतात. त्यात एक स्फटिक आणि त्यावर छोटे वजन असते. पृष्ठभाग थरथरला की वजनाचा दाब स्फटिकावर पडतो आणि विद्युतभार निर्माण होतो. स्फटिकाचा हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिला होता.

या दोन सेन्सरांच्या कामातला फरक कामगाराने नीट समजून घ्यावा, कारण त्यात राजकारण आहे. मायक्रोफोन सांगतो, आवाज किती. कंपनाचा सेन्सर सांगतो, तो कुठून येतो: धोट्याला बसणाऱ्या टोल्यापासून, सैल झालेल्या पत्र्यापासून, की जमिनीत घट्ट रोवलेल्या सांगाड्यापासून. थरथरणारा प्रत्येक भाग मोठा आवाज करतोच असे नाही. लहान भाग कितीही हलला तरी हवा फारशी हलवत नाही, रुंद पत्रा मात्र ढोलासारखा वाजतो. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच वाचावे लागतात. मूळ सापडले की उपाय यंत्रावर करावा लागतो. पत्रा आवळायचा, त्याला कंपन शोषणारा थर लावायचा, पायाखाली रबर घालायचे, झिजलेला भाग बदलायचा. हा खर्च मालकाचा. मूळ शोधलेच नाही, तर कामगाराच्या हातावर कानात घालायचे बोळे ठेवून मालक मोकळा! बोळे हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

आता कायदा पाहू. आपल्याकडे ९० डेसिबलची मर्यादा आहे ती आठ तासांसाठी. ९५ असेल तर चार तास, १०० असेल तर दोनच तास. या आठ तासांमागे इतिहास आहे. आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारे १९४६ चे कारखाना दुरुस्ती विधेयक मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडले होते. यंत्रमागावरची पाळी मात्र बारा तासांची. त्याच हिशेबाने बारा तासांची मर्यादा ८७ च्या आसपास उतरली पाहिजे. हा हिशेब कुणी मांडला आहे काय? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातले रोजचे तास नऊवरून बारापर्यंत नेण्यास मंजुरी दिली, तेव्हा तरी कानाचा विचार झाला काय?

गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना कायद्याने कळवण्यास बंधनकारक आजारांत घातला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही तो आहे. पण विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला वीस कामगार लागतात, आणि एकाच छपराखालचे माग चार नावांवर वाटले की कायदा दाराबाहेर उभा राहतो. शहरांत २०११ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची ध्वनिमापन केंद्रे आहेत, मुंबईसह सात महानगरांत सत्तर. शेडच्या आत एकही नाही.

आमची मागणी एवढीच आहे. मोजमाप शेडच्या दारात उभे राहून पाच मिनिटांत उरकू नये. माप कामगाराच्या खांद्यावर, कानाजवळ लावावे आणि ते पूर्ण पाळीभर चालावे. सुरुवातीला आणि शेवटी यंत्र प्रमाणित करावे. त्यासाठीची छोटी डबी बहुधा ९४ डेसिबलचा ठरलेला आवाज देते आणि यंत्रावर ९४ उमटतात की नाही, हे कामगारांच्या प्रतिनिधीने स्वतः पाहावे. आकडा मराठीत आणि हिंदीत फळ्यावर लिहावा, प्रत युनियनला द्यावी. वर्षातून एकदा कानांची तपासणी व्हावी आणि तिचा कागद मालकाच्या कपाटात नव्हे, कामगाराच्या घरी राहावा.

तोवर मोबाइलमधल्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपचा आकडा, तारीख आणि पाळीची वेळ वहीत लिहून ठेवा. कोर्टात तो पुरावा म्हणून कदाचित टिकणार नाही, पण फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे पहिला अर्ज करायला पुरेसा आहे.