दधीचीला निदान विचारलं तरी होतं

तुमच्यापैकी कुणी ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत डॉक्टरकी, फिजिओथेरपी किंवा नर्सिंग शिकलं असेल, तर ज्या सांगाड्यावर तुम्ही हाडं पाठ केलीत तो भारतातल्या माणसाचा असण्याची शक्यता फार मोठी आहे. 'फॅकल्टीची पेटी' म्हणून जी लाकडी पेटी तुम्ही हॉस्टेलवर घेऊन गेलात, तिच्यातला अर्धा सांगाडा बहुतेक कलकत्त्याहून बोटीनं आला होता. तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही. मलाही सांगितलं नव्हतं. ते सांगायला हवं होतं, आणि ते आता सांगायला लावणं हे आपलं, म्हणजे इथे राहणाऱ्या भारतीयांचं काम आहे, एवढंच मला या लेखात म्हणायचं आहे.

मी हाडांवरच काम करते. ताण पडल्यावर हाड कुठे आणि कसं तडकतं हा माझा पीएचडीचा विषय. आता पोस्टडॉक म्हणून इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात तेच पुढे चालू आहे. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन दुपारी पहिल्या वर्षाच्या मुलांना हाडं शिकवते. मोठ्या माणसात २०६, जन्मलेल्या बाळात तीनशेच्या आसपास, कारण पुढे बरीच एकमेकांना जुळून जातात. एका हातात २७, एका पायात २६. हासळीच्या हाडाचं छातीकडचं टोक सगळ्यात शेवटी जुळतं, कधीकधी तिशी येईपर्यंत. हे सगळं मी झोपेतही सांगू शकते.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. त्यांच्या अस्थी वाईला कृष्णेत सोडून मी परत आले आणि तिसऱ्याच दिवशी वर्गावर उभी राहिले. समोरची पेटी नेहमीचीच होती. पण त्या दिवशी मी तिच्याकडे नीट पाहिलं. कवटीच्या दातांवर तांबूस-काळा थर होता. पान खाणाऱ्या माणसाचे दात आजोळी रोज पाहिलेत, मला ते कुणी समजावून सांगायला नको. नडगीच्या खालच्या टोकाला, घोट्याच्या अगदी वर, पुढच्या बाजूला एक छोटी गुळगुळीत खूण होती. वर्षानुवर्षं उकिडवं बसणाऱ्या माणसाच्या हाडाला ही खूण पडते. शरीररचनेच्या पुस्तकांत तिचा उल्लेख असतो आणि इंग्रज मुलं ती पाठ करतात. त्यांच्या स्वतःच्या आजीच्या पायात ती सापडणं अवघड आहे, कारण त्यांची आजी जन्मभर खुर्चीवर बसली. पेटीच्या झाकणाआड पुसट अक्षरांत 'कलकत्ता' होतं. आणि हासळीचं टोक अजून पुरतं जुळलेलं नव्हतं. म्हणजे वय तिशीच्या आतलं, माझ्यापेक्षा लहान.

एका मुलीनं विचारलं, "हा कोण होता, माहीत आहे का?" मी म्हटलं, "नाही," आणि पुढच्या हाडाकडे वळले. ते 'नाही' खरं होतं, पण अर्धंच. कोण होता ते माहीत नव्हतं. कुठून आणि कसा आला असेल ते मला चांगलं माहीत होतं, आणि मी गप्प बसले.

तो इतिहास थोडक्यात असा. ब्रिटनमध्ये शरीररचना शिकवायला प्रेतं कमी पडत होती. १८२८ साली एडिंबरामध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा खून करून प्रेतं शरीररचनेच्या शिक्षकाला विकली. बर्कला फाशी झाली आणि त्याचाच सांगाडा आजही तिथल्या विद्यापीठाच्या संग्रहात आहे. १८३२ साली कायदा झाला. त्यानं प्रेतं मिळण्याची सोय केली ती गरिबांच्या जिवावर: ज्यांच्या प्रेतावर कुणी हक्क सांगत नाही, विशेषतः वर्कहाउसांत म्हणजे गरीबगृहांत मेलेले, ते शिक्षणाला द्यायचे. पुढे तीच रीत वसाहतीत गेली. कलकत्त्याचं मेडिकल कॉलेज १८३५चं. तिथे पंडित मधुसूदन गुप्त यांनी १८३६ साली शवविच्छेदन केलं, त्याचा अभिमान आपल्याला पुस्तकांतून शिकवतात. मात्र त्याच शहरात पुढे सांगाड्यांचा धंदा उभा राहिला, तो कुणी शिकवत नाही. हाडं साफ करण्याचं काम डोम समाजाच्या माणसांकडे आणि पैसा निर्यातदारांकडे, हा वाटपाचा नियम तुम्हाला नवा वाटणार नाही.

धंदा केवढा होता? 'शिकागो ट्रिब्यून'नं १९८५ साली दिलेल्या बातमीप्रमाणे, आदल्या एका वर्षात भारतातून सुमारे ६०,००० कवट्या आणि सांगाडे बाहेर गेले. एका वर्षात. त्याच १९८५ साली लहान मुलांचे सुमारे दीड हजार सांगाडे बाहेर पाठवल्याचं प्रकरण गाजलं, मुलांना पळवून मारलं जातंय अशी भीती पसरली आणि भारत सरकारनं निर्यातीवर बंदी घातली. बंदीनंतर नवा माल थांबला, चोरवाटांचा सोडून. जुना माल कुठे गेला? कुठेच नाही. तो कपाटांत आहे आणि आम्ही त्याच्यावर शिकवतो आहोत.

आता इथला कायदा बघा. २००४च्या ह्यूमन टिश्यू ॲक्टप्रमाणे इंग्लंडमध्ये मृत्यूनंतर देह शिक्षणासाठी वापरायचा असेल, तर त्या माणसानं जिवंतपणी, लेखी, साक्षीदारासमोर संमती दिलेली असावी लागते. मुलानं आईच्या वतीनं दिलेली संमतीसुद्धा चालत नाही. फार चांगला कायदा आहे. पण कायदा येण्याआधीपासून कपाटात असलेल्या आणि परदेशातून आणलेल्या देहांना ही संमतीची अट लागू नाही. म्हणजे एकाच खोलीत दोन टेबलं. एका टेबलावरच्या माणसाची सही फायलीत आहे आणि वर्षाअखेरीस त्याच्यासाठी कृतज्ञतेची प्रार्थनासभा होते. दुसऱ्या टेबलावरच्या माणसाला मुलांनी विनोदी नाव ठेवलेलं असतं आणि नाताळात त्याच्या डोक्यावर लाल टोपी असते.

यावर मला जी उत्तरं मिळाली ती तुम्हालाही सुचली असतील, म्हणून एकेक घेते.

पहिलं: 'ते सगळं तेव्हा कायदेशीर होतं.' होतं. १९८५पर्यंत होतं. पण खरेदीची पावती ही मेलेल्या माणसाची संमती नव्हे. विकणारा त्याचा कुणी नव्हता आणि विकत घेणाऱ्यानं विचारलं नव्हतं.

दुसरं: 'ते बेवारस होते.' हा शब्द जरा थांबून वाचा. बेवारस म्हणजे ज्याला कुणी नाही असा नव्हे. ज्याचं जे कुणी आहे त्याच्यापर्यंत निरोप पोचला नाही, किंवा पोचूनही जाळायला लाकडं घेण्याची ऐपत नव्हती, असा. पोट भरायला शहरात आलेला आणि तिथेच मेलेला माणूस बेवारस ठरतो. आपणही पोट भरायलाच घरापासून लांब आलोत. फरक इतकाच की आपल्या खिशात पासपोर्ट असतो आणि आपण मेलो तर दूतावासातून फोन जातो.

तिसरं: 'मग काय, शिकवणं बंद करायचं?' मुळीच नाही. प्लॅस्टिकचा सांगाडा मी वापरते, पण तो एकाच साच्यातून निघालेला असतो. खऱ्या हाडात माणसामाणसातला फरक दिसतो. लहानपणी जुळलेला मोडका हात, कष्टानं झिजलेला सांधा, वजन, तुळया-कमानींसारखी आतली जाळी. या हाडांनी शिकवलेल्या डॉक्टरांनी लाखो माणसं उभी केली. म्हणूनच त्यांचं ऋण आहे, आणि ऋण मान्य करायचं तर आधी देणेकऱ्यानं सावकाराचा पत्ता तरी लिहून ठेवावा.

चौथं: 'विद्यार्थ्यांना त्रास होईल.' आमच्या विभागात पेटीशेजारी चार ओळींची पाटी लावावी असं मी सुचवलं, तेव्हा हेच कारण मिळालं. अठरा वर्षांच्या मुलीच्या हातात माणसाची कवटी देताना तिला त्रास होत नाही, आणि ती कुणाची ते सांगितलं की होतो? त्रास व्हायला हवा. डॉक्टर होणाऱ्याला एवढा तरी व्हावा.

पण सगळा राग इंग्रजांवर काढून मोकळं होणं सोपं आहे, आणि आपण ते नेहमी करतो. म्हणून आता आपल्याकडे वळते.

आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत सुश्रुताचं नाव हटकून निघतं. त्यानं हाडं तीनशे मोजली आणि चरकसंहितेत ती ३६० आहेत, दात-नखं धरून, यावर टाळ्या पडतात. पडू देत. सुश्रुतानं वाहत्या पाण्यात प्रेत ठेवून सात रात्रींनंतर एकेक थर उलगडून पाहायला सांगितलं, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सुश्रुतावर तासभर बोलणाऱ्या सभेत चाळीस वर्षांपूर्वीच्या साठ हजारांवर एक वाक्य का निघत नाही? मला उत्तर माहीत आहे, तुम्हालाही आहे. सुश्रुत आपला वाटतो. कलकत्त्याच्या फुटपाथवर मेलेला माणूस आपला वाटत नाही.

माझा मामेभाऊ मिरजेला एमबीबीएसला होता. त्याचा बोन सेट सीनियरकडून विकत घेतलेला, पलंगाखालच्या ट्रंकेत असायचा. आजी त्या खोलीत पाऊल टाकायची नाही आणि आम्ही तिला हसायचो. ती विटाळाच्या भीतीनं जात नव्हती, हे खरं. पण त्या ट्रंकेत माणूस आहे, हे घरात फक्त तिच्याच लक्षात होतं. ती हाडं कुणाची, हे आम्ही शिकलेल्यांनी एकदाही विचारलं नाही. महाराष्ट्रातही १९४९चा शरीररचनेचा कायदा आहे आणि त्याचा पाया तोच १८३२चा: बेवारस प्रेत शिक्षणाला द्यायचं. देहदानाची चळवळ चालवणारी माणसं आपल्याकडे आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण त्यांना जागोजागी हात का जोडावे लागतात? कारण आपला देह कृष्णेला किंवा गोदावरीला आणि शिकायला दुसऱ्याचा, हे आपल्याला चालतं.

नागा लोकांकडे बघा. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयातले पूर्वजांचे अवशेष परत मिळावेत म्हणून ते २०२० पासून चिकाटीनं बोलणी करत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडातल्या एका लिलावात नागा माणसाची कवटी विकायला निघाली, तेव्हा नागालँडच्या मुख्यमंत्र्यांपासून सगळ्यांनी आवाज उठवला आणि ती लिलावातून काढून घ्यावी लागली. श्रीलंकेच्या वेद्दा लोकांच्या नऊ कवट्या एडिंबरा विद्यापीठानं २०१९ साली परत केल्या. मागणारं कुणी असलं की मिळतं. अमेरिकेत तिथल्या मूळ रहिवाशांसाठी १९९० पासून कायदा आहे. पेटीतल्या आपल्या माणसासाठी मागणारं कुणी नाही, कारण त्याची जमात माहीत नाही, नाव माहीत नाही, गाव माहीत नाही.

म्हणून सगळं परत पाठवा असं मी म्हणत नाही. कुणाकडे पाठवणार? माझं मागणं छोटं आहे. ज्या विद्यापीठात तुम्ही शिकता, शिकवता किंवा जिथे तुमची मुलं शिकतात, त्याला एक पत्र लिहा: तुमच्याकडे भारतातून आलेली किती हाडं आहेत, याची नोंद आहे का? पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना ते सांगता का? कृतज्ञतेच्या सभेत त्यांचा उल्लेख करता का? तुम्ही निवृत्त डॉक्टर असाल आणि माळ्यावर ती लाकडी पेटी पडून असेल, तर ती विकू नका, इथे खाजगी विक्री सरसकट बेकायदा नाही म्हणून तर मुळीच नको. मुलांना न सांगता मागे ठेवूनही जाऊ नका. जवळच्या शरीररचना विभागाला फोन करा, आणि देताना ती कुठून, कधी, केवढ्याला घेतली तेवढं कागदावर लिहून द्या. तो कागद बहुधा त्या माणसाबद्दलचा पहिलाच कागद असेल. आणि शेवटचं, जे मी स्वतः या मार्चमध्ये केलं: देहदानाचा फॉर्म भरा. दोन पानांचा आहे.

फॉर्म भरताना आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दधीचीनं दिलीच होती की हाडं." ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. वज्र करायला देवांना हाडं हवी होती. पण गोष्टीतला एक तपशील आपण विसरतो. इंद्र स्वर्गाचा राजा, त्याला हिसकावून घेता आली असती. तो ऋषीच्या दारी गेला आणि त्यानं आधी विचारलं.

पुढचं सत्र सप्टेंबरात सुरू होतं. पाटी लागो न लागो, पेटी उघडण्याआधी ती कुठून आली ते मी मुलांना सांगणार आहे. माझं कंत्राट डिसेंबरपर्यंत आहे. त्यानंतर तिथे कुणीतरी दुसरं उभं असेल, आणि तेव्हा विचारायला तुम्ही असायला हवं.