दलाल सापडला, दुकान चालूच

गुन्हेगारीवरील चित्रपटांचा एक शिरस्ता ठरलेला असतो. गुन्हा घडतो, पोलीस माग काढतात, अखेरीस गुन्हेगार गजाआड जातो आणि प्रेक्षक निर्धास्त मनाने घरी परततात. अँड्र्यू निकोल यांच्या २००५ सालच्या ‘लॉर्ड ऑफ वॉर’ या चित्रपटाने हा शिरस्ता मोडला. युक्रेनमधून न्यूयॉर्कला आलेल्या कुटुंबातील युरी ऑर्लोव्ह (निकोलस केज) बंदुकांचा व्यापारी बनतो. सोव्हिएत संघ कोसळल्यावर युक्रेनमधील लष्करी कोठारांतला माल तो आफ्रिकेतील यादवी युद्धांना पुरवतो. तो पकडला जातो आणि तरीही सुटतो. कारण ज्यांच्याशी उघड व्यवहार करणे अमेरिकी सरकारला अडचणीचे असते, त्यांना शस्त्रे पोहोचवायला असा माणूस लागतोच. हा शेवट अतिरंजित आहे असे म्हणून बाजूला सारता येत नाही.

या धंद्याचे अर्थशास्त्र साधे आहे. धान्य खाल्ले की संपते. रायफल मात्र नीट राखली तर दशकानुदशके चालते. त्यामुळे एका युद्धाचा माल ते युद्ध संपल्यावर दुसऱ्या युद्धाकडे वाहू लागतो. शीतयुद्ध संपले तेव्हा पूर्व युरोपातील कोठारे भरलेली होती आणि त्यांना घरचे गिऱ्हाईक उरले नव्हते. मालाचा भाव उतरला. परंतु बंदी घातलेल्या ग्राहकापर्यंत तो पोहोचवण्याचा भाव चढाच राहिला. या दोन भावांमधील अंतरावर दलाल जगतो. किंबहुना, त्याचा नफा शस्त्रापेक्षा कागदातून येतो.

तो कागद म्हणजे अंतिम वापरकर्त्याचा दाखला. हा माल आमच्याच उपयोगासाठी आहे, अशी खरेदीदार सरकारची हमी त्यात असते आणि तिच्या आधारे विकणारा देश निर्यातीस परवानगी देतो. मार्च १९९९ मध्ये युक्रेनहून ६८ टन शस्त्रे अशाच दाखल्यावर बुर्किना फासोला रवाना झाली आणि तेथून राष्ट्रसंघाची बंदी असलेल्या लायबेरियात पोहोचली. भारतालाही हा अनुभव नवा नाही. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात विमानातून शेकडो रायफली टाकण्यात आल्या. तो माल बल्गेरियातून निघाला होता आणि दाखला बांगलादेशच्या नावाचा होता. पुढे ते विमान मुंबईस उतरवण्यात आले; पण सूत्रधार मानला गेलेला डॅनिश नागरिक निसटला. डेन्मार्कच्या न्यायालयाने २०२४ मध्येही त्याचे प्रत्यार्पण नाकारले. शिक्षा झालेले विमानातील कर्मचारी आणि ब्रिटिश दलाल अनुक्रमे २००० आणि २००४ साली माफी मिळून सुटले.

चित्रपटातील नायकामागे ज्यांची छाया पाहिली जाते, त्यांत व्हिक्टर बूट या रशियन व्यापाऱ्याचे नाव प्रमुख आहे. २००८ साली बँकॉकमध्ये त्याला अटक झाली आणि २०१२ मध्ये अमेरिकी न्यायालयाने त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा सुनावली. डिसेंबर २०२२ मध्ये रशियाच्या कैदेत असलेल्या ब्रिटनी ग्राइनर या बास्केटबॉलपटूच्या बदल्यात अमेरिकेने त्याला सोडून दिले. त्या खेळाडूची मुक्तता निश्चितच स्वागतार्ह होती. परंतु न्यायालयाने दिलेली शिक्षा ही सरकारांच्या देवघेवीतले नाणे ठरू शकते, हेही त्याबरोबर सिद्ध झाले.

चित्रपटाच्या अखेरीस प्रेक्षकांना सांगितले जाते, की सुरक्षा समितीचे पाच स्थायी सभासद हेच जगाचे सर्वांत मोठे शस्त्रपुरवठादार आहेत. हे विधान आजही फारसे खोटे ठरलेले नाही. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे २०२०–२४ या काळात मोठ्या शस्त्रास्त्रांच्या निर्यातीत एकट्या अमेरिकेचा वाटा ४३ टक्के होता. त्याखालोखाल फ्रान्स, रशिया आणि चीन यांचे क्रमांक लागतात. जगाच्या शांततेची राखण आणि शस्त्रांचे दुकान अशी दोन्ही कामे एकाच घरात चालावीत, यापरता विरोधाभास कोणता?

संरक्षणासाठी शस्त्रे लागतात, हे कोणीही नाकारणार नाही. भारत स्वतः मोठा आयातदार आहे. २०१३ च्या शस्त्रव्यापार करारावरील मतदानात भारत तटस्थ राहिला, तो निर्यातदारांना झुकते माप मिळते आणि दहशतवाद्यांच्या हाती पडणाऱ्या शस्त्रांबाबत तरतुदी दुबळ्या आहेत, या आक्षेपामुळे. हा आक्षेप रास्त होता. पण ज्या देशाने पुरुलिया पाहिले, त्याने दुबळ्या तरतुदी सबळ करण्याचा आग्रह धरायला हवा. केवळ बाहेर राहून भागणार नाही. दाखला हाती पडला की विकणाऱ्याची जबाबदारी संपते, हा नियम बदलला पाहिजे. माल सांगितलेल्या ठिकाणी पोहोचला की नाही, याची तपासणी विक्रेत्या देशावर बंधनकारक झाली पाहिजे आणि चूक आढळल्यास पुढचा परवाना थांबला पाहिजे. तसे होत नाही तोवर एक दलाल तुरुंगात जाईल, दुसरा त्याची गादी चालवील आणि कोठाराची किल्ली पूर्वीच्याच हातांत राहील.