एक संगणक, तीन पडदे

गेल्या आषाढांत आमच्या धाराशिवच्या घरीं वहिनी ओसरीच्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया सोलापुरास झाली व ती उत्तम झाली; परंतु पुढें तीन-चार महिने त्यांच्याजवळ रात्रंदिवस कोणी तरी असणें अवश्य होतें. त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचे पुतणे, पुण्यास एका कंपनींत पुलांचे आराखडे तपासण्याचें काम करतात. वहिनींस तिकडे न्यावें, तर बिऱ्हाड चवथ्या मजल्यावर. शिवाय "भाऊजी, या घरांतून मला आतां कोठें हलवूं नका," असें त्यांनीं आम्हांस निक्षून सांगितलें. तेव्हां चिरंजीवांनींच इकडे यावें असें ठरलें. कंपनीनें पंधरा दिवसांची परवानगी दिली. काम बिनचूक आणि वेळेवर झालें तर मुदत वाढवूं, नाहीं तर परत या, असा रोखठोक करार होता.

घरीं बसून कचेरी चालविण्याची चाल २०२० च्या मार्चांतील टाळेबंदीनें आपल्याकडे रूढ केली. त्या वर्षीं पुण्यामुंबईचीं किती तरी मुलें मराठवाड्यांतील आपापल्या घरीं येऊन माजघरांत, माळ्यावर, प्रसंगीं देवघराच्या दाराशीं बसून नोकरी करीत होतीं. त्यांपैकीं बहुतेकांचें एका लॅपटॉपवर भागलें. आमच्या चिरंजीवांचें तसें नव्हे. एका बाजूस जुना आराखडा, दुसऱ्या बाजूस दुरुस्त केलेला आणि तिसरीकडे चुकांची यादी, असें मांडून नजर सारखी इकडून तिकडे फिरवावी लागते. आमचे थोरले बंधू येथल्या न्यायालयांत वकिली करीत. त्यांच्या मेजावर कैफियत, दस्तऐवज आणि कायद्याचें पुस्तक एकाच वेळीं उघडें असे, त्यांतलाच हा प्रकार. एकाच पडद्यावर खिडक्या वरखालीं करीत बसलें, कीं एखादा आंकडा नजरेंतून निसटतो. आणि पुलाच्या आराखड्यांतील आंकडा निसटणें ही लहान गोष्ट नव्हे.

चिरंजीवांनीं बरोबर आणलेला संगणक आमच्या पानाच्या डब्याहून मोठा नाहीं. असे छोटे मेजावरचे संगणक आतां सर्रास मिळतात. ॲपल कंपनीचा मॅक मिनी २००५ सालापासून आहे. इंटेलनें 'एन्‌यूसी' नांवाचे असेच डबे काढून पुष्कळ वर्षें विकले आणि २०२३ सालीं तो उद्योग आसूस कंपनीकडे सोंपविला. वीज थोडी लागते, आवाज नाहींसारखाच, जागा तर मुळींच अडत नाहीं. मॉनिटर मात्र वेगळे आणावे लागतात. एक त्यांनीं पुण्याहून आणला, दुसरा आमच्याच घरीं होता. तिसरा वहिनींनीं सुचविला: बंधूंनीं आपले दावे टंकण्यासाठीं घेतलेला जुना, चौकोनी सतरा इंची मॉनिटर. बंधूंच्या पश्चात् तो कपड्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. "तो चालतो कीं, मग नवा कशाला?" हें वहिनींचें म्हणणें आम्हांस पटलें, त्यांत काटकसरीखेरीज आणखी कांहीं होतें, हें न समजण्याइतके आम्ही अजाण नाहीं.

येथें आम्ही पुढें सरसावलों. बाजारांत जाऊन एकास दोन करणारें साधन मागितलें. दुकानदारानें साडेचारशे रुपयांस एक स्प्लिटर काढून दिला. एचडीएमआयची एक केबल आंत, दोन बाहेर. घरीं येऊन जोडला, दोन्ही पडदे झळकले, आणि आम्ही क्षणभर विजयी मुद्रेनें उभे राहिलों. मग चिरंजीव शांतपणें म्हणाले, "काका, दोन्हीकडे एकच चित्र आहे." स्प्लिटरचें काम एका वक्त्याचें भाषण दोन कर्ण्यांतून ऐकविण्याचें आहे, कर्णे वाढले म्हणून वक्ते वाढत नाहींत. संगणकाच्या बाजूनें पाहतां तेथें एकच पडदा जोडलेला असतो. मग विंडोजच्या कळीबरोबर 'पी' दाबून 'एक्स्टेंड' म्हणजे विस्ताराचा पर्याय कितीही वेळां निवडा, विस्तार होणार कोठून? दुकानदारास दोष द्यावा तर त्यानें आम्हीं मागितलें तेंच दिलें होतें. मागतांना चूक झाली होती.

पंधरांपैकीं दोन दिवस असे गेले. त्या रात्रीं चिरंजीवांनीं आम्हांस बसवून जें समजावून दिलें, त्याचा सारांश वाचकांस उपयोगीं पडेल म्हणून देत आहों.

साध्या पूर्ण-एचडी पडद्यावर आडव्या ओळींत १९२० आणि उभ्या ओळींत १०८०, एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास २४ बिट लागतात आणि सबंध चित्र सेकंदास ६० वेळां नव्यानें काढावें लागतें. गुणाकार केला तर दर सेकंदास सुमारें ३ अब्ज बिट होतात. 'फोर-के' पडद्यावर ठिपके चौपट, म्हणून सुमारें १२ अब्ज. हें चित्र रेखाटण्याचें काम संगणकांतील चिपेच्या चित्रविभागाकडे असतें, आणि एकाच वेळीं किती स्वतंत्र चित्रें काढावयाचीं याची त्याची मर्यादा कारखान्यांतच ठरलेली असते. इंटेलच्या चिपांत २०१२ सालच्या तिसऱ्या पिढीपासून तीन पडद्यांची सोय आली, अकराव्या पिढीपासून चारांची. ॲपलचा २०२० सालचा एम-वन चिपेचा मॅक मिनी दोनच पडदे चालवितो. २०२४ चा एम-फोर तीन. २०१९ सालच्या रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकासही दोन पडद्यांची सोय आहे. तेव्हां डब्याच्या पाठीमागें भोकें किती आहेत हें मोजून निर्णय करूं नये. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

उलटही खरें आहे. आडांत पाणी असून पोहरा कमी पडण्याचे प्रसंग अधिक. आमच्या डब्याची शक्ति तीन पडद्यांची होती. पाठीमागें एक एचडीएमआय, एक डिस्प्लेपोर्ट आणि पुढें एक यूएसबी-सी, अशीं तीन दारेंही होतीं. अडचण होती ती दारास दार जुळण्याची. व्हीजीए हें १९८७ चें, एचडीएमआय २००२ चें, डिस्प्लेपोर्ट २००६ चें, यूएसबी-सी २०१४ चें. चार पिढ्या एका घरांत नांदावयाच्या म्हटल्या कीं मध्यस्थ लागतोच. एकत्र कुटुंबाच्या वाचकांस हें आम्हीं वेगळें सांगावयास नको.

पहिला मॉनिटर एचडीएमआयवर सरळ लागला. दुसऱ्यासाठीं चिरंजीवांपाशीं एक केबल होती, एका टोंकास डिस्प्लेपोर्ट व दुसऱ्यास एचडीएमआय. ती आम्हीं सकाळीं त्यांच्या पश्चात् लावून ठेवली, आणि पडदा काळा तो काळाच. तासाभरानें उलगडा झाला. ही केबल एकेरी रस्ता आहे. संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय असें लावलें तरच चित्र जातें. संगणकाचा डिस्प्लेपोर्ट गरज पडल्यास एचडीएमआयची भाषा बोलूं शकतो, पण मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टास ती समजत नाहीं. उलट दिशेनें जावयाचें तर भाषांतर करणारा, स्वतःस वीज लागणारा निराळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. दुकानांत केबल घेतांना 'कोठून कोठें' हें सांगितल्याविना पैसे देऊं नयेत. टोंकें फिरवून लावतांच दुसरा पडदा उजळला. मेजावर तो उजवीकडे असून संगणक त्यास डावीकडे समजत होता, त्यामुळें माऊसचा बाण भलत्याच बाजूस नाहींसा होई. 'सेटिंग्ज'मध्यें पडद्यांचीं चित्रें ओढून खऱ्या मांडणीप्रमाणें बसवितांच तें थांबलें.

राहिला बंधूंचा मॉनिटर. त्यास फक्त व्हीजीए, तीं पंधरा टांचण्यांचीं आणि दोन बाजूंस मळसूत्रें असलेलीं निळीं बोंडें. व्हीजीएवरून चित्र आंकड्यांच्या रूपानें न जातां विजेच्या चढउतारानें जातें, म्हणून येथें भाषांतरकर्ता हवाच. आमच्याकडे मोकळें दार एकच, यूएसबी-सी. पण या दाराचें सोंग मोठें फसवें असतें. भोंक तेंच, आकार तोच. परंतु कोठें त्यांतून केवळ मजकूर जातो, कोठें केवळ वीज, आणि कोठें चित्रही. दारापाशीं डिस्प्लेपोर्टचें चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज काढलेली असेल तर चित्र जाणार असें समजावें. कांहींच नसेल तर यंत्राबरोबरचें माहितीपत्रक पाहिल्याखेरीज कन्व्हर्टर विकत घेऊं नये. आम्हीं या वेळीं आधीं पत्रक वाचलें. सोलापुरास औषधें आणावयास जावयाचेंच होतें, तेथून यूएसबी-सी ते व्हीजीए कन्व्हर्टर आणला. सातव्या दिवशीं संध्याकाळीं तिसरा पडदा लागला. १२८० बाय १०२४ ठिपक्यांचा, किंचित् पिंवळट, पण चुकांची यादी वाचण्यास अगदीं पुरेसा.

ज्यांच्या संगणकास दारें कमी असतील, त्यांस आणखी दोन वाटा आहेत. डिस्प्लेपोर्टच्या २०१० सालच्या १.२ या आवृत्तीपासून, मॉनिटरला बाहेर जाणारा डिस्प्लेपोर्ट असेल तर, आगगाडीच्या डब्यांप्रमाणें एकास दुसरा जोडतां येतो. मात्र ॲपलचे संगणक अशा सांखळींत स्वतंत्र चित्रें देत नाहींत. दुसरी वाट डिस्प्लेलिंक जातीच्या साधनांची. तींत चित्र संगणकाच्या मुख्य चिपेकडून दाबून लहान करून साध्या यूएसबीवरून पाठवितात व पलीकडे पुन्हा उलगडतात. निराळी प्रणाली संगणकांत घालावी लागते, चिपेवर भार पडतो, आणि हलत्या चित्रांस ही वाट तितकी बरी नाहीं. आंकडेमोड व पत्रव्यवहार यांस चालते. एम-वन चिपेचे संगणक घेऊन बसलेल्या पुष्कळ लोकांनीं हिचाच आसरा घेतला.

विजेची गोष्ट मात्र आमच्या जिल्ह्यांत विसरून चालत नाहीं. लॅपटॉपच्या पोटांत बॅटरी असते. या डब्याच्या पोटांत नाहीं. नवव्या दिवशीं दुपारीं वीज गेली, घरचा इन्व्हर्टर लागला, दिवे लुकलुकले न लुकलुकले, आणि तेवढ्या निमिषांत संगणक बंद पडून दोन तासांचें काम गेलें. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत. आंतून वहिनींनीं मात्र विचारलें, "माझ्यामुळें त्याची नोकरी जाणार का?" या प्रश्नास देण्याजोगें उत्तर त्या दिवशीं आमच्यापाशीं नव्हतें. इन्व्हर्टरच्या पाठीमागें 'यूपीएस' असें लिहिलेला एक खटका असतो, आणि तो त्या बाजूस केला कीं वीज बदलण्यास लागणारा वेळ बराच कमी होतो, हें आम्हांस इतकीं वर्षें ठाऊक नव्हतें. खटका फिरविला. संगणकापुरता एक लहान यूपीएसही घेतला. अलीकडील चोवीस इंची एलईडी मॉनिटर वीस-तीस वॉटच खातो, जुना चौकोनी थोडा अधिक; पंख्याहून फार नव्हे. तीनही पडदे आणि डबा मिळून इन्व्हर्टरवर निभावतात.

पंधराव्या दिवशीं कंपनीचें पत्र आलें: मुदत दिवाळीपर्यंत वाढविली आहे. स्प्लिटरही वायां गेला नाहीं. वहिनींची नात मेलबर्नला असते, ती रविवारीं व्हिडिओवर बोलते. त्या दिवशीं ओसरीवरील टीव्हीवर आणि वहिनींच्या पलंगापाशीं नेऊन ठेवलेल्या एका मॉनिटरवर तेंच चित्र दिसावें असें असतें, आणि त्यास दहा मीटर केबल व तो साडेचारशेंचा डबा यांहून अधिक कांहीं लागत नाहीं.

आतां वहिनी काठी घेऊन माजघरापासून ओसरीपर्यंत येतात. परवां चिरंजीव तिसरा पडदा ओल्या फडक्यानें पुसावयास निघाले, तेव्हां त्या मागें उभ्या होत्या. त्या मॉनिटरच्या वरच्या कोपऱ्यावर एक सुकलेला ठिपका आहे. बंधू दर खंडेनवमीला आपल्या कायद्याच्या पुस्तकांबरोबर त्यासही कुंकूं लावीत. "तेवढा राहूं दे," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून तेथेंच बसल्या.