फोन सर्वांशी जोडलेला हवा



तुमच्या घरातील मोबाईल एका कंपनीचा असतो, मामूंचा दुसऱ्या कंपनीचा आणि खालाचा तिसऱ्या कंपनीचा. तरीही तुम्ही नंबर लावता आणि बोलणे सुरू होते. 'तुमची कंपनी वेगळी आहे, म्हणून हा फोन लागणार नाही,' असे तुम्हाला कोणी सांगत नाही. तसे कोणी सांगितले, तर असला फोन काय कामाचा, असे तुम्हीच विचाराल.

परंतु अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशात हजारो माणसांना काही वर्षे असाच अनुभव आला. ती सर्व माणसे कर्णबधिर होती. त्यांना मिळालेला फोन चांगला होता, तो फुकटही होता. पण तो एकाच कंपनीच्या सेवेशी बांधलेला होता. या प्रश्नाचा विचार आपण सर्वांनी करायला हवा, असे मला वाटते.

आधी थोडा इतिहास पाहू. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे पेटंट १८७६ साली मिळाले. बेल हे स्वतः कर्णबधिर मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला नीट ऐकू येत नव्हते आणि त्यांच्या पत्नी मेबल यांची श्रवणशक्ती लहानपणीच्या आजारात गेली होती. अशा माणसाने जगाला दिलेले यंत्र मात्र कर्णबधिरांच्या उपयोगाचे नव्हते. जसजसे फोन वाढले, तसतसे जगाचे व्यवहार फोनवर होऊ लागले आणि कर्णबधिर माणूस त्या व्यवहारातून बाहेर राहिला. डॉक्टरांना बोलवायचे असो की नोकरीची चौकशी करायची असो, त्याला दुसऱ्या कोणाच्या तरी दाराशी जाऊन विनंती करावी लागे.

ही अडचण अठ्ठ्याऐंशी वर्षांनी थोडी दूर झाली. १९६४ साली रॉबर्ट वाइटब्रेक्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने जुनी तारयंत्रे फोनला जोडण्याची युक्ती शोधली. एका टोकाला अक्षरे टाइप केली की ती दुसऱ्या टोकाला कागदावर उमटत. वाइटब्रेक्ट स्वतः कर्णबधिर होते. पण त्यासाठी दोन्ही टोकांना तसे यंत्र लागे. दुकानदाराकडे किंवा दवाखान्यात ते कोठून असणार? म्हणून मध्ये एक माणूस बसवण्याची कल्पना पुढे आली. तो टाइप केलेले वाचून समोरच्याला बोलून दाखवी आणि समोरच्याचे बोलणे टाइप करून परत पाठवी. रिले शर्यतीत एक धावपटू दुसऱ्याच्या हाती बॅटन देतो, तसेच हे काम आहे. म्हणून त्याला रिले सेवा म्हणतात. अमेरिकेत १९९० साली अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला आणि १९९३ पर्यंत देशभर ही सेवा देणे टेलिफोन कंपन्यांना बंधनकारक ठरले.

तरीही एक अडचण उरली. ती तुम्हाला इतरांपेक्षा लवकर समजेल. मनातले बोलणे तुम्ही उर्दूत जितक्या सहज सांगता, तितक्या सहज ते मराठीत लिहू शकता का? वेळ लागतो, शब्द शोधावे लागतात. अमेरिकेतील अनेक कर्णबधिरांची पहिली भाषा 'अमेरिकन साइन लँग्वेज' ही आहे. हात, चेहरा आणि डोळे यांनी बोलली जाणारी ती एक पूर्ण भाषा आहे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. लिहिलेली इंग्रजी ही त्यांच्यासाठी दुसरी भाषा असते. मग आजारपण, भांडण किंवा आनंदाची बातमी दुसऱ्या भाषेत अक्षर-अक्षर टाइप करून सांगताना कसे वाटत असेल, याची कल्पना करा.

व्हिडिओ रिले सेवेने ही अडचण सोडवली. कर्णबधिर व्यक्ती कॅमेऱ्यासमोर बसून खुणांच्या भाषेत बोलते. दूरच्या केंद्रात बसलेला दुभाषी ते पडद्यावर पाहतो आणि साध्या फोनवर असलेल्या माणसाला बोलून सांगतो. त्या माणसाचे उत्तर तो लगेच खुणांनी दाखवतो. तुमच्यापैकी कितीतरी जण हे काम घरी करतात. दवाखान्यात डॉक्टर मराठीत सांगतात आणि तुम्ही ते दादीला उर्दूत समजावता. तेव्हा तुम्ही दुभाषीच असता. तुम्ही चुकलात किंवा वेळेवर पोहोचला नाहीत, तर दादीची किती अडचण होते, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २००० साली या सेवेला मान्यता दिली. कर्णबधिर ग्राहकाला सेवेसाठी पैसे द्यावे लागत नाहीत. टेलिफोन कंपन्यांच्या वर्गणीतून एक निधी उभा केला जातो आणि त्यातून सेवा देणाऱ्या कंपनीला मिनिटांच्या हिशेबाने पैसे मिळतात. कंपन्या ही वर्गणी आपल्या ग्राहकांकडूनच वसूल करतात. म्हणजे शेवटी हा पैसा फोन वापरणाऱ्या सर्वसामान्य जनतेचा असतो.

पुढे २००३ साली सोरेन्सन ही कंपनी या क्षेत्रात आली. तिने आपला व्हिडिओफोन ग्राहकांना फुकट दिला. चित्र स्पष्ट होते, यंत्र वापरायला सोपे होते. लोकांनी ते आनंदाने घेतले. पण त्या यंत्रावरून फक्त त्याच कंपनीच्या दुभाष्याशी बोलता येत असे. दुसऱ्या कंपनीचा दुभाषी हवा असेल, तर दुसरे यंत्र हवे. मित्रांनो, घरात आग लागली आहे किंवा कोणाच्या छातीत दुखत आहे आणि त्या एका कंपनीचे सर्व दुभाषी कामात आहेत, अशी वेळ आली तर काय होईल? शेजारच्या कंपनीत दुभाषी रिकामा बसलेला असेल, पण फोन त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही.

यावर कंपनीच्या बाजूनेही बोलता येते आणि ती बाजू ऐकून घ्यायला हवी. यंत्र बनवायला पैसा लागतो. ज्याने खर्च केला, त्याच्या यंत्राचा फायदा दुसऱ्याने का घ्यावा? ग्राहक टिकणार नसेल, तर चांगले यंत्र कोण बनवेल? हा प्रश्न खोटा नाही. पण माझ्या मते त्याचे उत्तर त्या निधीत आहे. सेवेचा पैसा जनतेकडून येत असेल, तर सेवेचे दार सर्वांसाठी उघडे असले पाहिजे. कंपन्यांनी स्पर्धा जरूर करावी. कोणाचे दुभाषी अधिक कुशल आहेत, कोण लवकर फोन उचलतो, कोणाचे चित्र अधिक स्वच्छ आहे, यात करावी. ग्राहकाला बांधून ठेवणे म्हणजे स्पर्धा नव्हे.

ऐकू येणाऱ्या लोकांनीही हा त्रास एकदा सोसला होता. १८९४ पर्यंत बेल यांच्या मूळ पेटंटांची मुदत संपली आणि अमेरिकेत गावोगावी नव्या टेलिफोन कंपन्या निघाल्या. त्यांच्या तारा एकमेकींना जोडलेल्या नसत. एकाच शहरातील दुकानदाराला सर्व गिऱ्हाइकांशी बोलण्यासाठी दोन-दोन फोन ठेवावे लागत. हळूहळू सर्वांना पटले की तारा जोडल्याशिवाय फोनला अर्थ नाही. हा धडा एकदा मिळाला होता. तरी शंभर वर्षांनी कर्णबधिरांच्या बाबतीत तीच चूक पुन्हा झाली. 'यांना काहीतरी मिळाले आहे ना, मग पुरे,' अशी आपली वृत्ती असते, हेच त्याचे कारण असावे.

कर्णबधिर लोक मात्र गप्प बसले नाहीत. कॅलिफोर्नियातील त्यांच्या संस्थांनी २००५ साली कमिशनकडे अर्ज केला. मे २००६ मध्ये निर्णय आला : जी कंपनी दुसऱ्या कंपन्यांचे कॉल अडवील, तिला निधीतून पैसे मिळणार नाहीत. कुलूप उघडले पाहिजे, अशी ही व्यवस्था होती. त्यानंतर २००८ च्या अखेरीपासून व्हिडिओफोनलाही साध्या फोनसारखे दहा अंकी क्रमांक मिळू लागले. त्यामुळे कोणालाही त्यांना सरळ फोन करता येऊ लागला आणि संकटकाळी पत्ता समजणेही सोपे झाले. पुढे २०१७ साली कंपन्यांच्या यंत्रणांनी एकमेकींशी कसे जुळावे, याचे तांत्रिक नियमही कमिशनने आपल्या नियमावलीत घातले.

आता आपल्या देशाकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेल्यांची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. भारतीय सांकेतिक भाषेचे शिक्षण आणि संशोधन यांसाठी २०१५ साली नवी दिल्ली येथे राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा २०१६ साली झाला. स्वस्त मोबाईलमुळे आज अनेक कर्णबधिर तरुण व्हिडिओ कॉलवर एकमेकांशी बोलतात. पण बँक, पोलीस ठाणे, रेल्वेची चौकशी यांच्याशी बोलायला दुभाषी लागतोच. आपल्याकडे जसजशा अशा सेवा वाढतील, तसतशी त्यांच्यासाठी एक अट पहिल्याच दिवशी घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे : कोणत्याही यंत्रावरून कोणत्याही सेवेशी जोडता आले पाहिजे. अमेरिकेत सेवेला मान्यता मिळाल्यावर हा नियम यायला सहा वर्षे लागली. सुरुवातीलाच नियम केला, तर तो पाळणे सर्वांना सोपे जाते. घरोघरी यंत्रे बसल्यावर ती बदलणे कठीण असते.

तुमच्यापैकी कोणी उद्या इंजिनिअर होईल, कोणी वकील, कोणी सरकारी अधिकारी होईल. अपंगांसाठी एखादी सोय तयार करण्याचे किंवा मंजूर करण्याचे काम तुमच्या हाती येईल. तेव्हा ती सोय फुकट आहे का, सुंदर आहे का, एवढेच पाहू नका. ती घेतल्यावर त्या माणसाला आपल्या मनाप्रमाणे कोठेही जाता येईल, कोणाशीही बोलता येईल का, हेही विचारा. आणि त्याचे उत्तर कंपनीच्या माणसाकडून घेण्याआधी, जो ती सोय रोज वापरणार आहे त्याच्याकडून घ्या.