जुन्या गाडीचे मोल



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मिस्सानंतर माझ्यासाठी थांबला. आखातात सात वर्षे राबून तो नुकताच गावी परतला होता. मोबाइलवरचे एक छायाचित्र माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "फादर, पणजीला एक स्पोर्ट्स कार विकायची आहे. लाल, दोन दारांची. नवी घेतली तेव्हा चाळीस लाखांची होती, आता पाचवे वर्ष चालू आहे. मालक बावीस लाख मागतो. स्वस्त आहे ना?" त्याच्या मागे त्याची आई उभी होती. ती काही बोलली नाही. परंतु त्या बावीस लाखांत धाकट्या बहिणीच्या लग्नाची पुंजीही होती, हे मला ठाऊक होते.

मी काही गाड्यांतला जाणकार नव्हे. पण 'स्वस्त' हा शब्द ऐकला की 'कशाच्या मानाने?' असे विचारावेसे वाटते. आपण घरी बसून हिशेब मांडू लागलो.

पहिली चूक येथेच सापडली. मालकाने सांगितलेल्या चाळीस लाखांत रस्ता-कर, नोंदणी आणि पहिल्या वर्षाचा विमा हे सारे धरलेले होते. तो पैसा गाडीबरोबर विकला जात नाही; तो खर्च होऊन गेलेला असतो. गाडीची स्वतःची दुकानातील किंमत चौतीस लाख निघाली. आता विम्याच्या व्यवहारात वर्षानुवर्षे चालत आलेला घसाऱ्याचा एक तक्ता आहे. त्याप्रमाणे सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीची किंमत ५ टक्क्यांनी कमी धरतात, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्क्यांनी. पुढे तक्ता थांबतो. तेथून विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवावयाचे. चौतीसचे निम्मे सतरा. म्हणजे बावीस लाखांचा आकडा पहिल्याच पायरीवर पाच लाखांनी खाली आला.

परंतु तक्ता सर्व गाड्यांना एकाच मापाने मोजतो; बाजार तसे मोजत नाही. घरच्या सहा माणसांना बाजाराला नेणाऱ्या गाडीला गावोगावी गिऱ्हाईक असते. स्पोर्ट्स कार बहुधा दोघांची. तिचे पोट जमिनीला टेकलेले, गावच्या गतिरोधकावर ते खरवडले जाते. सुटे भाग पुष्कळदा परदेशातून येतात. आणि अशी गाडी घेणारा ती हळू चालविण्यासाठी घेत नाही, त्यामुळे क्लच, ब्रेक आणि टायर यांची झीज लवकर होते. गिऱ्हाईक थोडे आणि खर्च मोठा, म्हणून पहिल्या काही वर्षांत तिचा भाव सहसा झपाट्याने उतरतो. काही मोजक्या दुर्मीळ गाड्यांचा भाव पुढे पुन्हा चढतो हे खरे; पण ते सर्वांच्या नशिबी नसते.

कागदावरचा हिशेब झाल्यावर गाडी डोळ्यांनी पाहणे आले. गावच्या वृद्ध मिस्त्रींना बरोबर घेऊन आम्ही चोर्ला घाटाने पणजीला गेलो. मीटरवर अवघे चोवीस हजार किलोमीटर होते. मिस्त्रींनी मीटरकडे पाहिलेही नाही. ते वाकून ब्रेकच्या पायटीचे रबर पाहू लागले. ते पार गुळगुळीत झाले होते. नंतर त्यांनी टायरच्या कडेवरचे चार अंक वाचून दाखविले. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ असे असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. चार टायर तीन निरनिराळ्या सालांचे निघाले. पुढच्या डाव्या बाजूच्या दाराची फट उजवीपेक्षा रुंद होती, आणि दाराच्या काळ्या रबरावर लाल रंगाचे बारीक शिंतोडे उडालेले होते. गाडी कुठेतरी ठोकली जाऊन पुन्हा रंगविलेली होती. देखभालीची पुस्तिका मागितली, तर दुसऱ्या वर्षानंतरची पाने कोरी.

यात आणखी एक बाब होती. गोव्यात नोंदलेली गाडी कर्नाटकात बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची तर ना-हरकत दाखला आणून तिची नव्याने नोंदणी करावी लागते आणि येथला रस्ता-कर भरावा लागतो. तो खर्च घेणाऱ्याचा. हे सारे वजा करून मिस्त्री हळूच म्हणाले, "तेरा लाखांवर एक रुपया नको."

मालक दुखावला. "ही माझी फार लाडकी गाडी आहे," तो म्हणाला. ते खोटे नव्हते. आपल्या वस्तूवर जीव जडला की तिचा भाव आपल्या मनात चढत जातो.

जिव्हाळ्याने गाडीचा भाव चढत नाही काय? चढतो, पण क्वचित. नोव्हेंबर २०१७ मध्ये लॅम्बोर्गिनी कंपनीने दिवंगत पोप फ्रान्सिस यांना एक पांढरी हुराकान गाडी भेट दिली. त्यांनी तिच्यावर सही केली आणि ती लिलावास दिली. मे २०१८ मध्ये मोनॅको येथे तिला ७,१५,००० युरो मिळाले. तशा नव्या गाडीच्या किमतीच्या कितीतरी पट. त्या पैशाचा काही भाग इराकमधील निनवे प्रांतात ख्रिस्ती कुटुंबांची पडलेली घरे पुन्हा उभारण्यासाठी होता. पोप जॉन पॉल दुसरे यांना भेट मिळालेली फेरारी एन्झो त्सुनामीग्रस्तांसाठी विकली गेली आणि २०१५ मध्ये तीच गाडी अमेरिकेत ६० लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेली. या वाढीव किमतीचे कारण प्रत्येक बोली लावणाऱ्यापुढे उघड होते. आपल्या आठवणींवर मात्र पोपमहाराजांची सही नसते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हा प्रश्न घोड्यांच्या संदर्भात सोडविला आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर ते दिसतेच. विकणाऱ्याने दवंडी पिटण्याची गरज नाही. परंतु जो दोष दिसत नाही आणि ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा जीव धोक्यात येईल, तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. पुन्हा रंगविलेले दार आणि झिजलेले ब्रेक हे या दुसऱ्या प्रकारात येतात. अंदाज करणे हे घेणाऱ्याचे काम खरे. पण अंदाजासाठी लागणारे सत्य पुष्कळदा विकणाऱ्याच्याच हाती असते.

व्यवहार झाला नाही. घाट चढताना तो तरुण गप्प होता. मिस्त्रींनीही त्याला छेडले नाही.

महिन्याभराने त्याने वडिलांची जुनी मोटारसायकल विकावयास काढली. शेजारच्या गावचा एक शेतकरी आला, फिरवून पाहिली, पैसे मोजू लागला. तेव्हा हा म्हणाला, "थांबा, काका. सकाळच्या गारठ्यात ही लवकर सुरू होत नाही, आणि मागच्या शॉकमधून तेल गळते." शेतकऱ्याने दोन हजार कमी दिले.

त्याच्या आईने हे मला चर्चच्या पायरीवर सांगितले. दोन हजार गेल्याचे तिला फारसे दुःख झालेले दिसले नाही.