साखरेला ‘ड्रग’ म्हणताना

शाळा-कॉलेजांतल्या आरोग्यविषयक व्याख्यानांत हल्ली एक वाक्य कानावर येतंच: ‘साखर कोकेनइतकीच व्यसन लावते.’ हेतू चांगला आहे. मुलांचं कोल्ड्रिंक सुटावं, एवढाच. पण हे वाक्य व्याख्यानांतून काढून टाकायला हवं.

त्याच्या समर्थनार्थ बहुधा उंदरांवरचा एक प्रयोग पुढे केला जातो. फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. एक कळ दाबली की गोड पाणी, दुसरी दाबली की थेट शिरेत कोकेन. बहुतेक उंदरांनी गोड पाणी निवडलं. मुख्य प्रयोगातल्या त्या पाण्यात साखर नव्हतीच, सॅकरिन होतं. याहून महत्त्वाचं म्हणजे, तिथे मोजली गेली ती उंदराची निवड. नंतर अंमल उतरताना त्याचं काय होतं, हा त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता.

आणि सगळा फरक उतरण्यातच आहे.

आमरसाच्या जेवणानंतरची सुस्ती कुणाला ठाऊक नाही? रक्तातली साखर चढते, इन्सुलिन ती खाली आणतं, आणि निरोगी शरीर तिला फार खाली जाऊ देत नाही. २०१९ मध्ये ३१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. साखरेने उत्साह येतो, याला त्यात आधार मिळाला नाही. उलट पहिल्या तासाभरात थकवा वाढलेला आणि तरतरी कमी झालेली दिसली. मुळात चढलंच नाही, तर उतरणार किती?

चहा-कॉफीचं थोडं निराळं. मेंदूला झोपेची सूचना देणाऱ्या अ‍ॅडेनोसिनची जागा कॅफीन अडवून धरतं. रोजचा चहा एकदम बंद केला की १२ ते २४ तासांत डोकं ठणकायला लागतं, चिडचिड होते. आठवडाभरात बहुतेकांचं शरीर जुळवून घेतं.

आता एमडी, म्हणजेच मेफेड्रोन. ते २०१५ पासून आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, आणि तरीही मुंबई-पुण्यातल्या कॉलेजवयीन मुलांपर्यंत ते पोचलेलं आहे. त्याचा अंमल दोन-तीन तासांचा. तो ओसरायच्या आतच पुढची ओढ लागते आणि रात्रभर पुन्हा पुन्हा घेतलं जातं. मग शरीर गळून जातं, पण झोप येत नाही. छाती धडधडते, जवळच्या माणसांचाही संशय यायला लागतो. पुढचे काही दिवस कशातच रस वाटत नाही. काहींच्या मनात याच दिवसांत जीव देण्याचे विचार येतात. मेथअँफेटामाइनचा अंमल आणखी लांबतो, तशी ही पडझडही. अफूवर्गीय व्यसनासाठी निदान ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध आहे. या उत्तेजकांच्या व्यसनावर तसं मान्यताप्राप्त औषध अजून नाही.

हे सगळं साखरेच्या रांगेत बसवल्यावर सतरा वर्षांचा मुलगा काय ऐकतो? त्याने लहानपणापासून पेढे खाल्लेत, कोल्ड्रिंक प्यायलंय. त्याचं काही बिघडलेलं नाही. ‘साखर म्हणजे ड्रग’ हे त्याच्या कानात सहज ‘ड्रग म्हणजे साखर’ होऊन बसतं. साखरेची भीती त्याला वाटतच नाही. एमडीची जी थोडीफार होती, तीही जाते. दात, वजन, मधुमेह ही साखरेविरुद्धची कारणं पुरेशी भक्कम आहेत. त्यासाठी कोकेनची साक्ष काढायची गरज नाही.

फसतात ते घरचेही. शनिवारी रात्री बाहेर गेलेला मुलगा मंगळवारपर्यंत खोलीबाहेर येत नाही, जेवत नाही, नुसता पडून राहतो. घरात निष्कर्ष निघतो: आळस, मोबाइल, परीक्षेचं टेन्शन. व्याख्यानात याच दोन-तीन दिवसांबद्दल बोलायला हवं. या काळात त्याच्यावर ओरडू नका, त्याला एकटं सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. स्लाइडवर हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहा.